बिजल्याची झूल

ट्रॅक्टरला ताप येतो का?

शरयू कोहळेला हा प्रश्न पोळ्याच्या दिवशी सकाळी पडला, तोही नांदरखेड्याच्या टेकडीवर, अर्ध्या चढात. तिच्यासमोर बिजल्या उभा होता आणि तो नुकताच म्हणाला होता, "मला ताप आला आहे. आता मला जोर लावता येणार नाही."

बिजल्या म्हणजे विजेवर चालणारा ट्रॅक्टर. तो डिझेल पीत नसे, धूर सोडत नसे आणि विचारलं तर बोलत असे. ही गोष्ट अजून काही वर्षांनी घडायची आहे, त्यामुळे बोलणाऱ्या ट्रॅक्टरवर फार अडून बसू नका. त्याच्या पोटातल्या बॅटरीचं मात्र आजही असंच असतं.

"ताप? तुला?" शरयू म्हणाली. "चार्जिंग संपलं असेल."

"नाही. पोट भरलेलं आहे. पाऊण बॅटरी शिल्लक आहे."

"मग चाक रुतलं?"

"चाकं ठीक आहेत. बॅटरीचं तापमान बावन्न अंश झालं आहे. एवढं वाढलं की मी शक्ती कमी करतो. नाहीतर बॅटरीला इजा होईल."

शरयूच्या आईनं, वनिताबाईंनी, सीटवरून पुन्हा एकदा पायडल दाबून पाहिलं. बिजल्या वीतभर पुढं सरकला आणि थांबला. मागच्या ट्रॉलीत पताकांचे बांबू आणि पाण्याचे ड्रम होते. ते टेकडीवरच्या मारोतीच्या देवळापाशी पोचवायचे होते. पण बिजल्याची चाल पाहता ते पुढच्या पोळ्यालाच पोचले असते.

नेमके तेव्हाच नाल्यावर बैल धुऊन उकंडराव ढोक वर आले. त्यांची शंकऱ्या-नंद्याची जोडी म्हणजे गावाची मानाची जोडी. उकंडरावांनी बिजल्याकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि तिथंच एक झडती ठोकली. पोळ्याला बैलांच्या गर्दीत उभं राहून मोठ्यानं म्हणायच्या, एकमेकांना चिमटे काढणाऱ्या ओळींना आमच्याकडे झडत्या म्हणतात.

"चार चाकं, दोन दिवे, शेपूट नाही शिंग,
टेकडीवर धापा टाकी, फुटलं त्याचं बिंग!
हर बोला, हर हर महादेव!"

मागून येणारे सगळे खो खो हसले. शंकऱ्यानंही मान हलवली. घंटी वाजली.

"वनिता, बैल असा मधात बसत नाही वं," उकंडराव म्हणाले. "ध्यानात आहे ना काय ठरलं ते?"

"आहे, भाऊजी," वनिताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

ठरलं होतं ते असं. बिजल्या गावचा नव्हता. तालुक्याच्या यंत्रपेढीनं (शेतीची यंत्रं वापरायला देणाऱ्या संस्थेनं) तो महिला गटाला पोळ्यापर्यंत चाचणीसाठी दिला होता. संध्याकाळी गावात बांधलेलं तोरण तुटून पोळा फुटला की सगळे बैल टेकडी चढून मारोतीला जातात. बिजल्याही त्यांच्याबरोबर भरली ट्रॉली घेऊन चढला, तर तो गावात राहणार. नाही चढला, तर उद्या परत. ही अट ग्रामसभेत उकंडरावांनी घातली होती आणि सरपंच मंदाताई झाडे यांनी मान्य केली होती.

बिजल्या गेला, तर वनिताबाईंना पुन्हा दिवसभर डवऱ्यामागं (तण काढायच्या अवजारामागं) चालावं लागणार होतं. पण शरयूला त्याहून जास्त वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ट्रॅक्टरवर बसलेली आई शेताच्या बांधावरून जायची, तेव्हा ती गाणं म्हणायची. डवऱ्यामागं चालताना शरयूनं तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं.

"चाल, खाली घेऊ याले," आई म्हणाली. "पोट्टे हसून राहिले."

*

उतारावर बिजल्याला जोर लावावा लागला नाही. टेकडीच्या पायथ्याशी एक मोठा कडुनिंब होता आणि त्याच्या सावलीत पिसे आबाजींचं घर होतं. बिजल्या तिथं येऊन उभा राहिला.

मुलं गोळा झाली. कुणीतरी बादली आणली. आजच सकाळी त्यांनी बैलांना पाणी ओतून ओतून धुतलं होतं, तेव्हा तापलेल्या बिजल्यावरही पाणी ओतावं असं सगळ्यांना वाटलं.

"अरे, थांबा, थांबा!" घरातून आवाज आला.

पिसे आबाजी बाहेर आले. एका हातात पुस्तक होतं आणि पान हरवू नये म्हणून त्यात बोट अडकवलेलं होतं. आबाजींनी सगळी नोकरी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत, बॅटऱ्यांवर संशोधन करण्यात घालवली होती. पण ते स्वतःहून कधी बोलत नसत. बोललेच, तर प्रत्येक वाक्याला 'बहुतेक' लावत. आज गुरुवार आहे का, असं विचारलं तरी ते म्हणत, "बहुतेक."

"वरून पाणी ओतून उपयोग नाही, बहुतेक," आबाजी म्हणाले. "बॅटरी आत बंद पेटीत आहे. तापानं फणफणलेल्या माणसाच्या छत्रीवर पाणी ओतलं, तर त्याचा ताप उतरेल का? आणि विजेच्या यंत्रावर अशी बादली उलटी करायची नसते."

"मग काय करायचं, आबाजी? हिला संध्याकाळी चढायचंय. म्हणजे आईला. म्हणजे बिजल्याला!" शरयूची जीभ अडखळली.

आबाजींनी पुस्तकातलं बोट काढलं. पान हरवलं, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

"आधी ताप का येतो ते पाहू. शरयू, तुझे तळहात एकमेकांवर घास बरं. जोरात."

शरयूनं घासले. तळवे चटकन गरम झाले.

"बॅटरीत साधारण असंच होतं. वीज वाहताना आतल्या पदार्थांतून तिला वाट काढावी लागते आणि तिथं तिची अडवणूक होते. त्याला अंतर्गत रोध (बॅटरीच्या आतच विजेला होणारा अडथळा) म्हणतात. या अडवणुकीत थोडी वीज उष्णता बनून जाते. सपाट रस्त्यावर कमी वीज लागते, म्हणून उष्णताही कमी. चढावर जोर लावला की जास्त. आणि गंमत अशी की वीज दुप्पट वाहिली, तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते."

"चौपट! मग तो रोजच तापत असेल?"

"तापतोच. थोडं तापणं वाईट नाही. आपल्याला जशी हवा बरी वाटते, फार थंड नाही, फार उकाडा नाही, तशीच बॅटरीला बरी वाटते. वीस ते पस्तीस अंशांच्या आसपास ती खूश असते. थोडं वर गेलं तरी चालवून घेते. पण पन्नासच्या पुढं तिच्या आतले पदार्थ लवकर झिजायला लागतात. आणि फारच वर गेलं, तर एक सेल शेजारच्या सेलला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला, आणि मग आग लागते, ती आवरत नाही. तेवढं होऊ नये, म्हणून बिजल्या आधीच हात आखडता घेतो. तो आळशी नाही. शहाणा आहे, बहुतेक."

"धन्यवाद," बिजल्या म्हणाला.

"सेल म्हणजे?" एका मुलानं विचारलं.

"बॅटरी म्हणजे एकच मोठा डबा नसतो. तिच्यात खूप छोट्या छोट्या बॅटऱ्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. त्यांतली एकेक म्हणजे सेल. बैलजोडीतला एक बैल दमला, तर दुसऱ्याला एकट्याला पुढं जाता येतं का? जोडी थांबते. तसं बिजल्या सगळ्यांत तापलेल्या सेलकडे बघतो आणि त्याच्या चालीनं चालतो. म्हणून सगळे सेल सारखेच गार राहायला हवेत."

"पण ते रोज गार कसे राहतात?" शरयूनं विचारलं. "गेल्या आठवड्यात याच चढावरून आईनं दगड नेले होते. तेव्हा नाही आला ताप."

आबाजींचे डोळे चमकले. "हा खरा प्रश्न! बिजल्या, तुझं पाणी कसं फिरतं ते सांगशील?"

"सेलखाली चपट्या नळ्यांची पाटी आहे," बिजल्या सांगू लागला. "तिच्यातून शीतक (उष्णता वाहून नेणारं, औषध मिसळलेलं पाणी) फिरतं. ते सेलांची उष्णता घेतं आणि माझ्या नाकापाशी येतं. तिथं रेडिएटर (बारीक नळ्या आणि पत्र्यांची जाळी, जिच्यातून पाण्याची उष्णता हवेत जाते) आहे. मागं पंखा आहे. तो बाहेरची हवा या जाळीतून आत ओढतो. पाणी गार होतं आणि परत सेलांकडे जातं."

"म्हणजे पाटाच्या पाण्यासारखं, गोल गोल," शरयू म्हणाली.

"आता पंप चालू आहे?" आबाजींनी विचारलं.

"चालू आहे."

"पंखा?"

"पूर्ण वेगानं."

"रेडिएटरमध्ये जाताना पाणी किती गरम आहे, आणि तिथून निघताना किती?"

"जाताना एकोणपन्नास. निघताना अठ्ठेचाळीस."

आबाजी नुसते शरयूकडे पाहत राहिले. शरयूनं कपाळाला आठ्या घातल्या. जाताना एकोणपन्नास, येताना अठ्ठेचाळीस. फरक जवळजवळ नाहीच.

"म्हणजे पाणी उष्णता घेऊन बाजाराला जातंय," ती सावकाश म्हणाली, "आणि तो माल विकला न जाताच परत येतोय!"

"शाबास!" आबाजी इतक्या मोठ्यानं ओरडले की स्वतःच दचकले.

"पण का? पंखा फिरतोय ना? बिजल्या, काय झालंय तुझ्या नाकाला?"

"मला माहीत नाही," बिजल्या म्हणाला. "मला आतलं सगळं समजतं. पण बाहेरून मी कसा दिसतो, ते मला दिसत नाही."

*

बाहेरून बिजल्या फार देखणा दिसत होता. तो तसा दिसावा, म्हणून मुलांनी पुष्कळ मेहनत घेतली होती.

आदल्या संध्याकाळी गावात खांदशेकणी झाली. वर्षभर जू वाहून थकलेल्या बैलांच्या खांद्यांना त्या दिवशी हळद आणि तूप चोळतात, कोमट पाण्यानं शेकतात आणि कानात सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." शरयूनं बिजल्याच्या दोन्ही मडगार्डांना हळद-तूप चोळलं. कान सापडेना, म्हणून आरशापाशी तोंड नेऊन आवतण दिलं. बिजल्या म्हणाला, "निमंत्रण मिळालं. मी येईन." बाया हसून हसून खाली बसल्या.

मग झूल घातली. बैलाला पोळ्याला पाठीवर नक्षीची झूल घालतात, ती बिजल्याला का नको? शरयूच्या वर्गातल्या मुलांनी आयांच्या, मावश्यांच्या जुन्या साड्या जोडून ती शिवली होती. लाल, मोरपंखी, जांभळी. काठाला गोंडे. आणि पुढं, अगदी नाकावर, आरशांच्या टिकल्यांनी लिहिलेलं नाव होतं: बिजल्या. समोरून येणाऱ्याला लांबूनच वाचता यावं म्हणून.

आता त्याच नाकासमोर आबाजी उभे होते. बैलांच्या साजाची टोपली शेजारीच पडली होती. तिच्यातून त्यांनी एक मोरपीस उचललं आणि शरयूच्या हातात दिलं.

"हवा डोळ्यांना दिसत नाही," ते म्हणाले. "पण मोरपिसाला कळते. जिथून हवा आत जायला हवी, तिथं धर."

शरयूनं पीस बिजल्याच्या नावासमोर धरलं. आत पंखा घरघरत होता. पीस मात्र हललंही नाही. वाऱ्याची झुळूक संपलेल्या दुपारसारखं ते गप्प उभं राहिलं.

शरयूनं पिसाकडे पाहिलं. मग झुलीकडे पाहिलं. मग तिनं एका हातानं झुलीचा तो आरशांचा पदर वर उचलला.

पीस सर्रकन आत ओढलं गेलं आणि जाळीला चिकटलं.

मागून एक छोटी पोरगी म्हणाली, "अय्या, आपणच त्याचं नाक दाबलं!"

"बैलाची झूल पाठीवर असते," शरयू पुटपुटली. "आम्ही ती नाकावरही घातली."

"प्रेमानं घातली," आबाजी म्हणाले. "पण हवेला प्रेम कळत नाही, बहुतेक. तिला वाट लागते."

"तापमान एकावन्न," बिजल्या म्हणाला. "आता पन्नास."

*

पाठीवरची झूल राहू द्यायला हरकत नव्हती. तिच्याखाली नुसता पत्रा होता. पुढचा पदर मात्र सोडावा लागला. तो सोडल्यावर बिजल्या कसा दिसायला लागला, तर तोंड धुऊन अंगडं घालायचं राहिलेल्या मुलासारखा. सगळ्या बैलांच्या कपाळावर बाशिंगं, शिंगांना बेगड, आणि याचं नाक उघडं!

"असाच नेऊ," शरयूची आई म्हणाली. "चढला म्हणजे झालं."

पण शरयूला ते पटेना. तिला दोन्ही हवं होतं. बिजल्यानं श्वासही घ्यायला हवा आणि सजायलाही हवं. असं काय असतं, जे नाकावर बांधतात आणि तरी ज्याच्यातून हवा जाते?

ती इकडंतिकडं पाहत होती. रस्त्यापलीकडे उकंडरावांचा गोठा होता. आत शंकऱ्या-नंद्याच्या शिंगांना रंग लावणं चाललं होतं. आणि गोठ्याच्या खुंटीला, आज सुट्टी म्हणून, दोन मुसकी टांगलेली होती.

मुसकं म्हणजे सुतळीची जाळी. डवरणीच्या वेळी बैलानं पिकाला तोंड लावू नये, म्हणून ती त्याच्या तोंडाला बांधतात. खाता येत नाही, पण श्वास घेता येतो.

शरयू धावत गोठ्यात गेली. "उकंडकाका, मुसकी द्या ना!"

"मुसकी?" उकंडराव हातातला रंगाचा ब्रश विसरले. "पोरी, पोळ्याच्या दिवशी बैलाले मुसकं बांधत नसतात. आज त्याचा जेवायचा दिवस."

"म्हणून तर मागते. आज रिकामीच आहेत ना? बिजल्याला हवी आहेत." आणि तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. पाणी, पंखा, मोरपीस, झूल.

उकंडराव ऐकत राहिले. मग त्यांनी खुंटीवरची दोन्ही मुसकी काढली.

"घे. आणि दोघांत होणार नाही त्याचं नाक. केवढं थोरलं आहे ते! सोनबाकडे जा, पाटलाकडे जा. सांग, उकंडानं पाठवलं."

"काका, पण तुम्ही तर म्हणता त्याला परत पाठवा."

"म्हणतो ना. पण हरवायचं त नीट हरवू. नाक दाबून काय जिंकाचं?"

मग गावभर एकच पळापळ झाली. ज्याच्या त्याच्या गोठ्यातून मुसकी आली, नवी, जुनी, एक तर उंदरानं कुरतडलेलं. पोरांनी ती सोडून, पसरून, एकमेकांना गाठी मारून एक रुंद जाळी केली. शिंगांचा रंग उरलेला होता, त्यात ती बुडवली. काठाला झुलीचे गोंडे लावले आणि जाळी बिजल्याच्या नाकावर बांधली. आरशांचं नाव छतावर गेलं. तिथं ते आणखीच चकाकायला लागलं.

शरयूनं मोरपीस जाळीसमोर धरलं. पीस आत वाकलं.

"तवरोक चार्जिंगले लावू का?" आईनं विचारलं. "पोट भरून जाईल त बरं."

"आत्ता नको," आबाजी म्हणाले. "चार्ज करतानाही वीज आतून वाहतेच, म्हणून बॅटरी तापते. खूप चाललेल्या बैलाला आपण लगेच पेंड घालत नाही. आधी निवू देतो. बिजल्याला नुसतं सावलीत उभं राहू दे. त्याचा पंखा आणि पंप चालू राहतील. थोडी वीज त्यात खर्च होईल, पण ती वाया गेली असं नाही."

"वेळेत निवेल का?"

आबाजींनी आभाळाकडे पाहिलं. ढग निघून गेले होते आणि ऊन चटचटत होतं. "बाहेरची हवा जेवढी गरम, तेवढा वेळ जास्त. निवेल. बहुतेक."

सगळी दुपार शरयू बिजल्याशेजारी बसून होती. घरून पुरणाचा वास येत होता, तरी ती उठली नाही. बिजल्या मधूनमधून आकडा सांगायचा. सत्तेचाळीस. चव्वेचाळीस. मग बराच वेळ चव्वेचाळीसच. वाजंत्री वाजायला लागली, तेव्हा तो म्हणाला, "अडतीस."

*

आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैलांची रांग लागली. शंकऱ्या-नंद्या सगळ्यांत पुढं, आणि बिजल्या सगळ्यांत शेवटी. शेजारच्या एका गोऱ्ह्यानं त्याची जाळी हुंगून पाहिली आणि बरं म्हणून सोडून दिली.

तोरण तुटलं. पोळा फुटला! बैल उधळले, ढोल घुमला, धूळ उडाली. ट्रॉलीत पताकांचे बांबू, पाण्याचे ड्रम, नैवेद्याच्या टोपल्या आणि वर चढू न शकणारी म्हातारी माणसं. मुलांनी ओढून बसवलेले पिसे आबाजीही त्यांतच होते. शरयू आईशेजारी, तापमान दाखवणाऱ्या पडद्यावर डोळे लावून.

चढ सुरू झाला.

"चाळीस," बिजल्या म्हणाला. "एक्केचाळीस. त्रेचाळीस."

सकाळी ते जिथं थांबले होते, तिथं चाकाची खूण अजून होती. ती जवळ येत चालली तशी वनिताबाईंच्या कपाळावर घाम फुटला.

"आबाजी!" त्या मागं वळून ओरडल्या. "जोर लावून एका दमात चढवू का? लवकर सुटका होईल!"

शरयूनं मागं पाहिलं. आबाजी ड्रमला धरून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मनात हिशेब चालला असावा. किंवा भीती वाटत असावी.

"आबाजी, सांगा ना! आणि बहुतेक म्हणू नका!"

"हळू!" आबाजी म्हणाले. "घाई केली की वीज दुप्पट आणि ताप चौपट. पुढं बैल चाललेत ना? त्यांच्याच चालीनं चालव!"

वनिताबाईंनी पाय सैल केला. बिजल्या शांतपणे, एका लयीत चढू लागला. पुढं शेवटच्या बैलाची शेपटी हलत होती, मागं बिजल्या.

"चव्वेचाळीस," तो म्हणाला. "पंचेचाळीस."

चाकाची खूण आली. मागं पडली.

"पंचेचाळीस," बिजल्या म्हणाला.

आणि थोड्या वेळानं: "पंचेचाळीस."

"वाढत का नाहीये?" शरयूनं कुजबुजून विचारलं, जणू मोठ्यानं बोललं तर आकडा ऐकेल आणि वाढेल.

"माझ्या आत जेवढी उष्णता तयार होते," बिजल्या म्हणाला, "तेवढीच आता नाकातून बाहेर जाते आहे. तापमान तिथंच राहतं. या चालीनं मी बराच वेळ चालू शकतो."

शरयूला एकदम सगळं कळलं. बिजल्याला गार करायचं म्हणजे उष्णता तयारच होऊ द्यायची नाही, असं नव्हतं. काम केलं की उष्णता होणारच. जेवढी होते तेवढीच बाहेर जाऊ द्यायची, एवढंच करायचं होतं. ती हे आईला सांगणार होती, पण आईकडे पाहून थांबली. कारण आई गुणगुणत होती.

मारोतीच्या देवळासमोर बिजल्या उभा राहिला, तेव्हा पोरांनी एवढा आरडाओरडा केला की वाजंत्रीवाले वाजवायचं विसरले. शरयू सीटवर उभी राहिली आणि घशाच्या शिरा ताणून तिनं झडती म्हटली. ती तिनं दुपारभर सावलीत बसून जुळवली होती.

"ढवळ्या मागे वैरण, बिजल्या मागे वीज,
दोघांनाही वारा द्या, मग पेरा बीज!
हर बोला, हर हर महादेव!"

सगळ्यांत मोठ्यानं "महादेव!" कुणी म्हटलं असेल, तर उकंडरावांनी.

मंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "काय म्हणता, भाऊ? उद्या वापस पाठवायचा?"

"अट तर अट," उकंडराव म्हणाले. "चढला. राहू द्या." मग मिशीवरून हात फिरवत पुढं म्हणाले, "बाकी बैल तो बैल. पण हाही धापा टाकते, यालेही सावली लागते, यालेही दमानं घ्या लागते. म्हणजे अगदीच लोखंड नाही म्हणायचं."

*

दिवेलागणीला दारोदार बैल जेवायला आले. बिजल्याही आवतण पाळायला कोहळ्यांच्या दारात येऊन उभा राहिला. आईनं त्याला ओवाळलं, कुंकू लावलं आणि पुरणपोळी पुढं धरली.

"मला खाता येत नाही," बिजल्या म्हणाला. "माझी पोळी शरयूला द्या. तिनं दुपारी खाल्लं नाही."

शरयूनं ती पोळी खाल्ली. मग बिजल्याचं तापमान विचारलं, आणि बत्तीस ऐकल्यावरच चार्जिंगची वायर लावली.

आबाजी ओट्यावर बसले होते. आज त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं.

"आबाजी," शरयू म्हणाली, "हिवाळ्यात त्याला थंडी वाजेल का हो?"

"वाजेल. फार थंडीत बॅटरी आखडते. वीज नीट देत नाही आणि नीट घेतही नाही. तेव्हा हेच पाणी थोडं गरम करून तिच्याखालून फिरवतात. तेव्हा रात्री अंगावर झूल असलेली बरी."

"म्हणजे उन्हाळ्यात नाक उघडं, हिवाळ्यात झाकलेलं." शरयू विचारात पडली. "मग अशी झूल करता येईल, जी गरम झालं की आपोआप उघडेल आणि गार झालं की मिटेल? फुलासारखी?"

आबाजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"करता येईल," ते म्हणाले.

"बहुतेक?"

"नाही. नक्की. पण शिवायला तूच लागशील. मला सुईत दोरा ओवता येत नाही."

शरयू हसली. तिनं सकाळचं मोरपीस बिजल्याच्या जाळीत खोवून दिलं. वायरीतून वीज आत जात होती. आत पंखा हळूच सुरू झाला, आणि अंधारत चाललेल्या अंगणात ते पीस आत वाकलं, सरळ झालं, पुन्हा वाकलं. जेवून झोपलेल्या बैलाचं पोट हलतं ना, तसं.